पन्नासाव्या रात्रीनंतर

एकाच हॉटेल-साखळीत वर्षभरात ठरावीक रात्री मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला ती साखळी जो वरचा दर्जा बहाल करते, त्याला व्यवहारात ‘एलिट स्टेटस’ म्हणतात. आणि असा दर्जा एकदा हाती आल्यावर पुढेही त्याच साखळीला धरून राहावे की मोकळे व्हावे, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटला तरी कामानिमित्त सतत परगावी राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो थेट पैशांचा आणि वेळेचा प्रश्न असतो. पुण्या-मुंबईचे संगणक अभियंते, लेखापरीक्षक, औषध कंपन्यांचे अधिकारी, कारखान्यांत यंत्रे बसवून देणारे तंत्रज्ञ अशा ज्यांच्या वर्षातल्या साठ-सत्तर रात्री हॉटेलात जातात, त्यांच्या दृष्टीने हॉटेलची खोली म्हणजे दुसरे घर असते, आणि ते घर कोणत्या नावाच्या पाटीखाली असावे हे ठरवताना खिसा, सोय, सवय आणि प्रतिष्ठा या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. हा गुंता उलगडायचा तर आधी या दर्जाची घडण कशी झाली ते पाहिले पाहिजे, कारण तो पाहुण्याच्या कौतुकातून निर्माण झालेला नाही. रिकाम्या जागेच्या अर्थशास्त्रातून निर्माण झालेला आहे.

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील भाडेनियंत्रण उठले आणि कंपन्यांना एकमेकींशी दरांत स्पर्धा करावी लागली. एका कंपनीची खुर्ची दुसरीच्या खुर्चीसारखीच असल्यामुळे प्रवासी स्वस्त तिकिटामागे जाऊ लागला, आणि त्याला धरून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘ए-अॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली, जिच्यात उडालेल्या मैलांची नोंद ठेवून पुढे मोफत प्रवास मिळे. हॉटेल-व्यवसायाने हे तत्त्व लगेच उचलले, कारण विमानातल्या खुर्चीप्रमाणे हॉटेलची खोलीही नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही, म्हणून ती बक्षीस म्हणून देताना साखळीचा खर्च जवळपास चादरी धुण्यापुरताच होतो, पण घेणाऱ्याला मात्र ती पूर्ण दराची भासते. हॉलिडे इन आणि मॅरियट यांच्या योजना १९८३ मध्ये आल्या, हिल्टन आणि हयात यांच्या १९८७ मध्ये, आणि शेरेटन, वेस्टिन, सेंट रेजिस असे ब्रँड चालवणाऱ्या स्टारवुड कंपनीची १९९९ मध्ये. स्टारवुडने पहिल्यापासूनच सुट्टीच्या गर्दीच्या दिवशीही मोफत खोली नाकारली जाणार नाही असे सांगितल्यामुळे सतत प्रवास करणाऱ्यांमध्ये त्या योजनेला जे प्रेम मिळाले, ते पुढे या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले.

या योजनांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय हिशेब लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे पॉइंट, अर्थात पुढे ढकललेली सूट. आज पूर्ण पैसे द्यायचे आणि त्यातला काही भाग साखळीच्या स्वतःच्या चलनात परत घ्यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा, अर्थात सवलतींचा हक्क: मोफत नाश्ता, लाउंजमध्ये प्रवेश, उपलब्ध असेल तर वरच्या प्रतीची खोली, दुपारी उशिरापर्यंत खोली ठेवण्याची मुभा. मॅरियटच्या ‘बॉनव्हॉय’ योजनेत वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ना गोल्ड, ५० ना प्लॅटिनम आणि ७५ ना टायटेनियम अशा पायऱ्या आहेत, तर हयातमध्ये सर्वांत वरच्या ‘ग्लोबलिस्ट’ पायरीसाठी ६० रात्री लागतात. खरा फरक पडतो तो बॉनव्हॉयच्या पन्नासाव्या रात्रीपाशी, कारण बहुतेक ब्रँडांत नाश्ता आणि लाउंज तिथून सुरू होतात; त्याखालच्या पायऱ्यांवर थोडे जादा पॉइंट आणि सौजन्याचे शब्द यापलीकडे हाती फारसे काही पडत नाही.

दर्जाची मुदत हा असाच दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. मॅरियट आणि हयात यांच्या योजनांत एखाद्या वर्षी मिळवलेला दर्जा ते वर्ष, त्यापुढचे संपूर्ण वर्ष आणि त्याच्याही पुढच्या वर्षाचा फेब्रुवारी संपेपर्यंत टिकतो, म्हणजे मार्चमध्ये पन्नासावी रात्र गाठणाऱ्याला तो जवळपास तेवीस महिने उपभोगता येतो आणि डिसेंबरात गाठणाऱ्याला सुमारे चौदा. मात्र नोंदीचा काटा दर १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येतो. दर्जा हातात आहे आणि मोजणी शून्यावर आहे, अशा या विचित्र अवस्थेतच ‘पुढे काय’ हा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक लोक त्याचे उत्तर विचार न करता, केवळ आधीच्या वर्षाच्या वेगात देऊन टाकतात.

हा वेग कुठून येतो याचा मानसशास्त्राने कसून अभ्यास केला आहे. क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की खाद्य जसजसे जवळ येते तसतसा उंदराचा पळण्याचा वेग वाढतो. पुढे २००६ मध्ये किवेत्झ, उर्मिन्स्की आणि झेंग या संशोधकांनी दहा कॉफींवर एक मोफत अशा शिक्क्यांच्या कार्डावर हेच माणसांच्या बाबतीत पडताळून पाहिले, तेव्हा कार्ड भरत आले की दोन कॉफींमधले अंतर कमी होत जाते असे आढळले. त्याच वर्षी न्यूनेस आणि द्रेझ यांनी मोटार धुण्याच्या एका केंद्रावर केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. काही ग्राहकांना आठ रिकाम्या घरांचे कार्ड दिले, काहींना दहा घरांचे पण त्यांतली दोन आधीच शिक्का मारलेली; दोघांनाही आठच वेळा यायचे होते, तरी पहिल्या गटातले १९ टक्के शेवटपर्यंत पोचले आणि दुसऱ्यातले ३४ टक्के. सुरुवात झाली आहे ही नुसती जाणीव माणसाला ओढून नेते, हा त्याचा अर्थ. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटसोबत क्रेडिट कार्ड आणले, त्यात दरवर्षी १० रात्री खात्यावर आपोआप जमा होतात. एकही मुक्काम न करता दहा घरांवर शिक्के मारून मिळालेले ते कार्ड आहे, आणि उरलेल्या चाळीस रात्री आता गाठण्याजोग्या वाटू लागतात.

याच ओढीतून ‘मॅट्रेस रन’ नावाचा प्रकार जन्मला. वर्षअखेरीला चार-पाच रात्री कमी पडत असतील, तर गरज नसताना स्वस्तातली खोली घ्यायची, चेक-इन करायचे आणि कित्येकदा तिथे न झोपताच घरी परतायचे. यात वेडेपणा आहे असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही, कारण चार रात्रींचे बारा-पंधरा हजार रुपये खर्चून पुढच्या वर्षभराचा नाश्ता मिळणार असेल, तर काहींच्या बाबतीत तो हिशेब खरोखर जुळतो. अडचण अशी की तो जुळतो की नाही हे ठरवताना पुढच्या वर्षी आपण किती रात्री बाहेर काढू याचा अंदाज बांधावा लागतो, आणि नोकरी बदलणे, प्रकल्प संपणे, घरात आजारपण येणे या गोष्टी साखळीच्या कॅलेंडरला विचारून येत नाहीत.

साखळी बदलताना जे गमवावे लागते त्याला अर्थशास्त्रात ‘स्विचिंग कॉस्ट’, म्हणजे एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची किंमत, अशी संज्ञा आहे. पॉल क्लेम्परर या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या किमतीचे जे विवेचन केले, त्यात मूळची आणि कृत्रिम अशी मांडणी सापडते. बँक-खाते बदलताना होणारी कागदपत्रांची दगदग ही मूळची किंमत आहे, ती कोणी मुद्दाम निर्माण केलेली नसते. पण हॉटेल-योजनेतला दर्जा ही विक्रेत्याने मुद्दाम उभारलेली भिंत असते, आणि भिंत उभी राहिली की आतल्या ग्राहकासाठी दर उतरवण्याचे कारण उरत नाही. दर्जा मिळवेपर्यंत साखळी पाहुण्याला रिझवत असते, आणि तो मिळाल्यानंतर पाहुणा स्वतःलाच समजावत राहतो. ज्याने पन्नास रात्री काढल्या तो एकावन्नाव्या रात्री दर विचारताना पूर्वीइतका घासाघीस करणारा राहत नाही, आणि या योजनांचे खरे उत्पन्न नेमके या ढिलाईत आहे.

रुपयांत मांडले की चित्र स्पष्ट होते. समजा एका गावात साखळीतल्या हॉटेलची खोली ८,५०० रुपयांना आणि त्याच परिसरातल्या चांगल्या स्वतंत्र हॉटेलची ७,००० रुपयांना आहे. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागत असल्यामुळे पहिली खोली १०,०३० रुपयांना आणि दुसरी ७,३५० रुपयांना पडते. म्हणजे दरातला फरक १,५०० चा असला तरी खिशातून जाणारा फरक २,६८० रुपयांचा असतो. मॅरियटमध्ये बहुतेक ब्रँडांत एका डॉलरमागे १० मूळ पॉइंट आणि प्लॅटिनम पाहुण्याला त्यावर ५० टक्के जादा मिळतात. डॉलर सोयीसाठी ८५ रुपयांचा धरला, तर त्या रात्रीचे १,५०० पॉइंट होतात, आणि १५,००० पॉइंटांत दहा हजार रुपयांची खोली मिळेल असे मानले तर त्यांची किंमत हजार रुपये येते. नाश्त्याची किंमत मेनूकार्डावरच्या आकड्याने धरायची नसते. एरवी त्या माणसाने सकाळी बाहेर जे दोनशे रुपयांत भागवले असते, तेवढीच ती खरी. साखळीच्या बाजूला अशा रीतीने बाराशे रुपये जमा होतात आणि जवळपास दीड हजार रुपयांची तूट उरते, जी पंधरा रात्रींत बावीस हजारांवर जाते. याउलट दोन्ही हॉटेलांचे दर सारखेच असतील, किंवा पत्नी आणि मुले बरोबर असल्यामुळे नाश्ता खरोखरच मोलाचा असेल, तर हाच हिशेब उलटा फिरतो. म्हणून दर्जाला एक ठरलेली किंमत नसते. प्रत्येक मुक्कामाला ती नव्याने काढावी लागते, आणि हे कष्ट टाळण्यासाठीच माणूस ‘निष्ठा’ या शब्दाचा आधार घेतो.

या शब्दाची कसोटी लागली ती स्टारवुडच्या पाहुण्यांच्या बाबतीत. मॅरियटने सुमारे १३ अब्ज डॉलरना स्टारवुड विकत घेण्याचा व्यवहार सप्टेंबर २०१६ मध्ये पूर्ण केला, ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही योजना एक झाल्या आणि फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना बॉनव्हॉय हे नाव मिळाले. स्टारवुडमध्ये ५० रात्री किंवा २५ मुक्काम यांपैकी काहीही पूर्ण केले तरी प्लॅटिनम मिळत असे. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणाऱ्या माणसाला, म्हणजे ज्याचे जगणे खरोखर सूटकेसमध्ये असते त्याला, ही मुक्कामांची मोजणी न्याय देणारी होती, कारण चार रात्रींचा एक मुक्काम आणि चार गावांतले चार मुक्काम यांतले श्रम सारखे नसतात. नव्या योजनेत मुक्कामांची मोजणी गेली आणि रात्रींची तेवढी राहिली. पंचवीस गावे पालथी घालणाऱ्याला तोच दर्जा टिकवायला आता दुप्पट रात्री बाहेर काढाव्या लागणार होत्या. पाठोपाठ २०२२ मध्ये मोफत खोलीसाठी किती पॉइंट लागतील हे सांगणारा ठरलेला तक्ताच रद्द झाला आणि पॉइंटांचा भाव मागणीप्रमाणे बदलू लागला. हिल्टनने तो मार्ग त्याआधीच धरला होता. एखाद्या बँकेने ठेवीदाराला सांगावे की ठेवीचा आकडा तोच राहील, पण त्यात किती धान्य येईल ते आम्ही रोज सकाळी ठरवू, तसाच हा बदल होता, आणि त्याला कायद्याने आक्षेप घेता येण्याजोगा नव्हता, कारण पॉइंट ही सदस्याची मालमत्ता नाही आणि नियम केव्हाही बदलता येतील, अशी अट योजनेच्या कागदात पहिल्यापासून लिहिलेली असते.

कायदा कोणत्या बाजूला उभा राहतो याचे एक उदाहरण विमान-योजनांच्या क्षेत्रातले आहे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने आपल्या योजनेतील वरचा दर्जा असलेल्या मिनेसोटातील एका ज्यू धर्मगुरूंचे सदस्यत्व, ते वारंवार तक्रारी करतात या कारणाने, २००८ मध्ये काढून घेतले. त्यांनी विश्वासभंगाचा दावा लावला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की १९७८ च्या विमान-नियंत्रणमुक्ती कायद्यामुळे त्यांनी ज्या स्वरूपात तो दावा मांडला होता त्या स्वरूपात तो टिकत नाही. हॉटेलांना तो कायदा लागू नाही, पण दर्जा हा देणाऱ्याच्या मर्जीचा विषय आहे, ही वस्तुस्थिती त्या निकालाने जितकी उघडी केली तितकी क्वचितच कशाने केली असेल.

स्टारवुड आणि मॅरियट यांच्या योजना एक झाल्यानंतरच्या काळात दर्जा पातळही होत गेला. अमेरिकेत २०१८ पासून हिल्टनचे एक कार्ड घेणाऱ्याला थेट डायमंड दर्जा मिळू लागला, आणि २०२२ पासून मॅरियटचे ६५० डॉलर वार्षिक शुल्काचे एक कार्ड घेणाऱ्याला थेट प्लॅटिनम. वरच्या प्रतीच्या खोल्या प्रत्येक हॉटेलात मोजक्याच असतात, तेव्हा रांग वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी शक्यता कमी होते. पन्नास रात्री घरापासून दूर काढणारा माणूस आणि फक्त शुल्क भरणारा माणूस एकाच रांगेत उभे राहतात, यात पहिल्यावर अन्याय आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मुक्कामाच्या ठिकाणी पाहुणा ज्यांच्याशी व्यवहार करतो ते आणि ज्यांच्याशी तो निष्ठा बाळगतो ते बहुधा वेगळे असतात, ही गोष्ट अनेक पाहुण्यांना माहीत नसते. मॅरियटने १९९३ मध्येच इमारतींची मालकी आणि व्यवस्थापन असे आपले दोन भाग केले, आणि तेव्हापासून हा व्यवसाय मुख्यतः नाव, आरक्षण-यंत्रणा आणि सदस्य-योजना भाड्याने देण्याचा झाला. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचे जेडब्ल्यू मॅरियट व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटी या कंपनीच्या मालकीचे आहे आणि मुंबईत साहारचे जेडब्ल्यू मॅरियट चॅले हॉटेल्सच्या. मालकाला योजनेपायी साखळीकडे वर्गणी भरावी लागते. पाहुणा पॉइंटांवर मोफत राहिला तर त्याबदल्यात मालकाला साखळीकडून जी भरपाई मिळते, ती हॉटेल जवळपास भरलेले असल्याखेरीज नेहमीच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असते. आणि नाश्त्याची थाळी तर त्याच्याच स्वयंपाकघरातून जाते. दर्जाचे आश्वासन एक कंपनी देते आणि त्याचा खर्च दुसरी सोसते, म्हणून ‘उपलब्ध असल्यास’ हे शब्द नियमावलीत पानोपानी आढळतात. मुंबईत विमानतळाजवळचे हयात रीजन्सी जून २०२१ मध्ये मालक कंपनीकडून कर्मचाऱ्यांच्या पगाराला निधी न आल्यामुळे कामकाज थांबवून बसले, तेव्हा दारावरच्या पाटीचा आणि आतल्या तिजोरीचा संबंध किती सैल असतो हे मुंबईकरांनी पाहिले.

मुक्कामाची निष्ठा ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही, आणि तिच्या जुन्या रूपाशी तुलना केल्यावर आजच्या रूपातली उणीव दिसते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर अशा क्षेत्रांना जाणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ठरलेल्या क्षेत्रोपाध्यायांकडे उतरत. उपाध्यायांच्या वह्यांत त्या कुळाचे गाव, वडिलांची आणि आजोबांची नावे, कोण केव्हा येऊन गेले याच्या नोंदी असत, आणि अनोळखी नातू दारात उभा राहिला तरी वही उघडून त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवता येई. त्या नात्यातही दक्षिणेवरून कुरबुरी होत असतील, पण ते दोन्ही बाजूंना बांधणारे होते. यजमान दहा वर्षे फिरकला नाही म्हणून त्याचे पान कोणी फाडत नसे. शहरातल्या जुन्या खानावळींतही महिन्याचे ताट लावलेल्या माणसाचा खाडा पडला तर तो मांडून पैसे वळते होत, म्हणजे गैरहजेरीचा भार मालक उचलत असे. आजच्या योजनेत गैरहजेरीचा सगळा भार पाहुण्यावर आहे. बॉनव्हॉयमध्ये चोवीस महिने खात्यात काही हालचाल झाली नाही तर साठलेले पॉइंट संपुष्टात येतात.

नोंदवहीची तुलना इथेच संपत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटने जाहीर केले की स्टारवुडच्या आरक्षण-यंत्रणेत २०१४ पासून चोरट्यांचा शिरकाव होता. सुरुवातीला ५० कोटींपर्यंत पाहुण्यांची माहिती गेल्याचा अंदाज होता, तो नंतर ३८.३ कोटी नोंदींवर आणण्यात आला, आणि त्यात ५० लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक कोणत्याही सांकेतिक संरक्षणाविना साठवलेले होते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये याबद्दल १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड केला. सतत एकाच साखळीत राहणारा पाहुणा पैशांबरोबर आपल्या हालचालींची सलग नोंदही देत असतो, आणि ही किंमत कोणत्याही पॉइंटांच्या हिशेबात धरली जात नाही.

आणखी एक प्रश्न आहे, जो संकोचामुळे सहसा विचारला जात नाही: खोलीचे पैसे कंपनी देते आणि पॉइंट कर्मचाऱ्याच्या खात्यात जातात, तेव्हा हॉटेल निवडताना तो कोणाचे हित पाहतो? जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासातून मिळालेले विमान-मैल खासगी सहलींना वापरल्याचे उघड झाल्यावर ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेने डिसेंबर २००१ च्या कायद्याने संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना असे लाभ स्वतःकडे ठेवू दिले, तर भारत सरकारची सूचना अशी की सरकारी खर्चाच्या तिकिटांवर जमलेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. खासगी कंपन्यांत ते सहसा कर्मचाऱ्याकडेच राहू दिले जातात, आणि घर सोडून राहण्याच्या त्रासाची ती भरपाई मानली तर त्यात गैर काही नाही. पण सभागृहाशेजारचे साधे हॉटेल सोडून दीड तास गर्दीतून पलीकडच्या टोकाला जाणे, ते केवळ खात्यात एक रात्र वाढावी म्हणून, हे मालकाशीही प्रामाणिक नाही आणि स्वतःच्या झोपेशीही नाही.

एवढे सगळे लक्षात घेऊनही एका साखळीला धरून राहणे ज्यांच्या फायद्याचे आहे अशी माणसे आहेत. ज्याचा प्रकल्प वर्ष-दीड वर्ष एकाच शहरात आहे आणि तिथले साखळीचे हॉटेल कार्यालयाजवळ आहे, त्याने दुसरीकडे शोधत बसण्यात अर्थ नाही. मध्यरात्री उतरणाऱ्याला, हॉटेल भरून गेले असताना आपली खोली दुसऱ्याला दिली जाण्याची शक्यता दर्जामुळे कमी होते, ही निश्चिंती पैशांत मोजता येत नाही. कोरोनाच्या काळात मोठ्या साखळ्यांनी दर्जाच्या मुदती वाढवून दिल्या, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आजीव दर्जाच्या जवळ आलेल्या माणसाची गोष्ट तर वेगळीच आहे: मॅरियटमध्ये एकूण ६०० रात्री आणि प्लॅटिनम किंवा त्यावरची दहा वर्षे पूर्ण झाली की प्लॅटिनम कायमचा होतो, आणि ज्याची नऊ वर्षे झाली आहेत त्याने दहावे वर्ष सोडू नये. मात्र ज्याची दोनच वर्षे झाली आहेत त्याने त्या आशेवर पुढची आठ वर्षे गहाण ठेवू नयेत, कारण तोपर्यंत नियम तेच राहतील याची हमी कोणीही दिलेली नाही.

भूगोलही इथे निर्णायक आहे. परदेशी साखळ्यांची हॉटेले मुंबई, पुणे आणि गोव्यात दाट आहेत, पण महाराष्ट्राच्या उरलेल्या जिल्ह्यांत ती फार विरळ आहेत. ज्याचे काम साखर कारखान्यांत, जिनिंग मिलांत किंवा तालुक्याच्या रुग्णालयांत असते, त्याला या शिडीवर चढायला पायऱ्याच नाहीत. गोव्यात सुट्टीला जाणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे की दुपारी चारपर्यंत खोली ठेवण्याचा प्लॅटिनमचा हक्क शहरी हॉटेलांत पक्का असला तरी समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तो उपलब्धतेवर अवलंबून असतो.

तेव्हा निर्णय असा द्यावा लागतो की दर्जा मिळाल्यानंतर तो वापरावा, पण राखू नये. पन्नासावी रात्र पूर्ण झाली की त्या वर्षातली एकावन्नावी रात्र, पंच्याहत्तरची पायरी दृष्टिपथात नसेल तर, दर्जात काहीही भर घालत नाही. तो दर्जा पुढच्या वर्षभर आणि त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत हातात आहेच. दर आणि जागा सारखी असेल तिथे साखळीचे हॉटेल घ्यावे आणि सवलती निःसंकोच वसूल कराव्यात. जिथे फरक पडतो तिथे दुसरीकडे जावे. गरज वाटल्यास एका साखळीतला दर्जा दाखवून दुसरीकडे तोच मागण्याची ‘स्टेटस मॅच’ नावाची सोय अनेक साखळ्या वेळोवेळी देतात, तिचा उपयोग करावा. आणि कामातून आपोआप पन्नास रात्री पुन्हा भरल्या तर उत्तम. नाही भरल्या, तर प्रवास कमी झाला आणि घरी अधिक रात्री मिळाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

दरवर्षी ३१ डिसेंबरला जेमतेम दोन महिने उरले की अनेकांच्या फोनवर ‘आणखी सहा रात्री बाकी’ अशी आठवण येऊ लागते. ज्या वाचकाला ती येईल त्याने खोली आरक्षित करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत: पुढच्या वर्षी कामासाठी नक्की बाहेर काढाव्या लागणाऱ्या रात्री, त्यांतल्या त्या साखळीच्या गावी पडणाऱ्या रात्री, आणि या सहा रात्रींचे करासकट पैसे. दुसरा आकडा वीसच्या खाली असेल, तर त्या सहा रात्री त्याने घरी झोपावे.